अंगण असलेलं घर

भूम
९ डिसेंबर २०२४

आई,
दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

परवा तुमच्या कानातलं मशीन पुन्हा शिट्टी वाजवायला लागलं आणि ज्यासाठी फोन केला होता ते सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही "बरं हाय, बरं हाय" म्हणत राहिलात आणि मी "अहो आई, ऐका तरी" म्हणत राहिले. शेवटी हे हसून म्हणाले, "आईला पत्र लिही. तिनं चौथीपर्यंतची शाळा नुसती पत्रं वाचायलाच जपून ठेवलीय." म्हणून शाळेतून येताना पोस्टातून आंतर्देशीय आणलं. अक्षर मोठं काढतेय, वाचायला त्रास होऊ नये म्हणून.

सांगायचं ते असं की, अजून दोन-तीन महिन्यांत आपल्या घरी बाळ येईल.

एवढं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीशी बसले. लग्नाला सात वर्षं झाली आई, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितेय. कसं दिसतं ते बघत होते.

मागची खोली रिकामी केली. तिथं यांच्या दवाखान्याची खोकी होती, जनावरांच्या इंजेक्शनांची, जंताच्या औषधांची. ती सगळी जिन्याखाली गेली. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. दुपारी तीनच्या सुमाराला तिथं ऊन येतं आणि फरशीवरून सरकत सरकत भिंतीला टेकतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं काही न करता बसते. वाटतं, त्या उन्हात कुणीतरी बसलंय आणि ते मुठीत धरायला बघतंय. लांब डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात, इतक्या सावकाश, की बघता बघता डोळा लागतो. मग स्वप्नातही तीच खोली दिसते, जरा मोठी झालेली. बाळ रांगत पुढं पुढं जातं. मला त्याची पाठच दिसते. तोंड काही दाखवत नाही.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. बाळ आलं की तुम्ही इथं येऊन राहावं. निदान सहा महिने. सात वर्षांत तुम्ही आमच्याकडं तीनदा आलात आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी परत गेलात. मी तुमच्यासाठी अंथरूण काढायची आणि सकाळी तसंच घडी घालून ठेवायची. या वेळी तसं करू नका.

अप्पांना नमस्कार सांगा.

तुमची सून,
हर्षाली

—

सास्तूर
१७ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीस धुरपदाबाईचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोष्टमन तीन दिसांमागं सकाळी दिऊन गेला. म्या शेण काढत हुते. हात धुऊन वाचलं, मग परत वाचलं. अप्पांला गोठ्यातनं बोलावलं. त्यांनी कागद उलटासुलटा केला आन् म्हणले, "नीट बघ, तुला दिसतंय कमी." म्या म्हणले, "मला ऐकू कमी येतंय. दिसतंय चांगलं."

मग अप्पा उठून गावात गेले आन् पाव किलो पेढे घिऊन आले. आन् कुणालाच वाटले न्हाईत. दोघांनीच बसून खाल्ले. म्हणले, अजून दोन महिने हाईत, उगं नजर लागायची.

म्या वाकळ शिवायला घेतली. नवं कापड लेकराला रुततं. माझं जांभळं इरकल लुगडं धुऊन धुऊन सायीवानी झालंय, ते वरच्या अंगाला लावते. आत अप्पांची दोन धोतरं. कुंची बी शिवते, टोपडं बी. लोहाऱ्याच्या बाजारातनं वेखंड, बाळंतशेपा आन् डिंक आणते. डिंकाचे लाडू आत्ता खायचे न्हाईत, बाळंत झाल्यावर. हळीव मिळालं तर ते बी आणते.

तू पाण्याची घागर उचलू नको. फळ्यावर लिवताना हात लई वर करू नको. दोन-तीन महिनेच राहिले म्हणतीस म्हंजे सातवा लागला असंल. दिवाळीला आलीस तवा मला काय दिसलं न्हाय, पर तुझी अंगकाठीच बारीक. डोहाळे कशाचे लागल्यात ते लिव. आंबट लागत असंल तर चिंच निवडून ठिवलीया, बिया काढून.

काल दुपारी खाटंवर पडले हुते. सपान न्हाय, जागीच हुते. वरनं लिंबाची सावली हलत हुती आन् माझ्या छातीवर कायतरी ऊन ऊन, वजनदार निजल्यावानी झालं. हात फिरवला तर पदरच हुता. तरी मला बरं वाटलं. तशीच पडून राहिले.

राहायला यायचं मागनं बघू.

उत्कर्षकडनं आता तरी भांडी घासून घेत जा.

धुरपदाबाई

—

भूम
२ जानेवारी २०२५

आई, नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मान खाली गेली. चिंचेच्या बिया काढल्यात हे वाचल्यावर तर पुढचं दिसेचना.

मला सातवा महिना नाही. कुठलाच महिना नाही. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं नाही, पण खरंही सगळं लिहिलं नाही. तुम्ही काय समजाल ते मला ठाऊक होतं आणि एक पंधरवडा तरी तुम्हाला तसं समजू द्यावं असं मला वाटलं. कारण मलाही बघायचं होतं, कुणीतरी माझ्यासाठी डिंक आणतंय ते.

आम्ही सोलापूरच्या डॉक्टरांकडं जात होतो ते तुम्हाला माहीत आहे. चार वर्षं गेलो. दोष कुणाचा ते त्यांनाही सापडलं नाही. एका दिवशी परत येताना गाडीत हे म्हणाले, "हर्षाली, आपल्याला बाळ हवंय का बाळंतपण हवंय?" तुळजापूर आलं तेव्हा मी सांगितलं. बाळ.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दत्तक बाळासाठी नाव नोंदवलं. आता यादीत आमचा नंबर अगदी जवळ आलाय. संस्थेच्या चैतालीताई घर बघून गेल्या. पिवळ्या खोलीत त्या बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, घरात अजून कोण असेल? मी म्हणाले, आजी येणार आहे राहायला. तुम्हाला न विचारताच सांगितलं.

तामलवाडीला माझ्या माहेरी सांगितलं तेव्हा काकू म्हणाली, एवढं शिकून परक्याचं लेकरू कशाला सांभाळता. आईबाबा गप्प बसले. त्या दिवसापासून मला भीती बसली, की तुम्हीही गप्प बसाल. तुम्ही रागावलात तर मला चालेल. गप्प बसू नका.

बाळ कुठलं, कुणाचं हे आम्हाला कळणार नाही. एवढंच कळेल की ते आमचं आहे.

तुमची,
हर्षाली

—

सास्तूर
११ फेब्रुवारी

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना झाला. लिवायला उशीर झाला. हरभऱ्याची काढणी हाय, बाया मिळंनात.

तुमी दोघांनी जे ठरवलं ते इचार करूनच ठरवलं असंल. आमचं काय म्हणणं न्हाय. अप्पांचं बी न्हाय.

वाकळ झालीया. कुंची बी झाली. कुणी तिकडं येणारं असंल तर धाडून दीन.

माझं तेवढं येणं हुणार न्हाय. म्हैस व्यायला झालीया, अप्पांच्यानं एकट्यानं हुत न्हाय. तू दुसरी बाई बघ. भूमला मिळत असत्याल. वाईट वाटून घिऊ नको.

धुरपदाबाई

—

भूम
१८ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र मिळालं.

वाकळ पाठवायची घाई करू नका. इथं दुकानात मऊ दुपटी मिळतात, आम्ही घेऊन ठेवलीत.

परवा संस्थेकडून बाळाची माहिती आली. मुलगी आहे, आठ महिन्यांची. सोबत एक फोटो आहे. हे म्हणाले, आईला पाठव. मी पाकिटात घातला होता, मग परत काढला. ज्या घरात तिच्याबद्दल "आमचं काय म्हणणं न्हाय" एवढंच आहे, तिथं तिचा फोटो आत्ताच जायला नको असं वाटलं. माझं चुकत असेल. पण तिच्या बाजूनं कुणीतरी चुकायला हवं, आणि ती आता माझी मुलगी आहे.

बाई मी बघेन. चैतालीताईंना सांगेन की आजींना जमत नाहीये.

मला वाईट वाटलं ते तुम्ही येत नाही याचं नाही. डिसेंबरात तुम्ही पेढे खाल्लेत, चिंचा निवडल्यात. बाळ तेच होतं आई. फक्त ते माझ्या पोटात नाही एवढं कळलं आणि म्हैस आडवी आली.

अप्पांना नमस्कार.

हर्षाली

—

सास्तूर
२६ फेब्रुवारी

माझ्या हर्षालीस,

तुझं पत्र वाचून म्या जेवले न्हाय असं म्हणणार न्हाय. जेवले. पर चव लागली न्हाय.

म्हैस तर संक्रांतीच्या आधीच व्याली. म्या खोटं लिवलं. म्या महिनाभर कागद पुढं घिऊन बसायची आन् कागद तसाच परत फडताळात ठिवायची. अप्पा म्हणले, एकदाचं खरं लिव, न्हायतर ती पोरगी भलतंच समजंल. म्या ऐकलं न्हाय. तू भलतंच समजलीस. तुझी चूक न्हाय.

तू पोटुशी न्हाईस हे तुझं दुसरं पत्र यायच्या आधीच मला कळलं हुतं. तुला पत्र टाकलं आन् सांजच्याला बोटं मोजली. दिवाळीला तू माझ्यासंगं उसाच्या फडातनं चालत आली हुतीस, पाचव्या महिन्याचं काय अंगावर दिसलं न्हवतं. तरी बाजारात जाऊन म्या डिंक आणला. लेकरू यायचंय तर डिंक पायजेच. कुठनं येतंय ते मला नडत न्हाय.

मला नडतंय ते छत.

म्या छताखाली झोपू शकत न्हाय. अंगणात लिंबाखाली माझी खाट असती, पावसात वर नुसती ताडपत्री, ती तू बघितलीस. उत्कर्ष ल्हानपणापसनं म्हणतो, आईला गारवा लई आवडतो. म्या त्याला तसंच म्हणू दिलं. भूकंपाला एकतीस वर्सं झाली. सरकारनं नवं गाव दिलं, रस्ते रुंद, घरं पक्की. म्या त्या घरात सैपाक करते, दिवा लावते, दिसभर वावरते. पर पाठ टेकली न्हाय. पावसात बी न्हाय, थंडीत बी न्हाय. तुमच्या घरावर तर अजून एक घर हाय. तुमच्याकडं आले तवा म्या च्या पिताना मनात जिन्याच्या पायऱ्या मोजत हुते. चोवीस हाईत. तू अंथरूण घालायलीस हे बघितलं की माझ्या छातीत धडधड व्हायची आन् म्या पिशवी उचलायची. तुला वाटलं, सासूला आपलं घर आवडंना. लई आवडलं हुतं.

आता दुसरं सांगते. हे अप्पांशिवाय कुणाला ठावं न्हाय.

आमची सोना पाच महिन्यांची हुती. उत्कर्षला एक बहीण हुती एवढंच त्याला ठावं हाय. जुनं घर दगडमातीचं. ढिगाऱ्यातनं म्या निघाले, ती न्हाय. तिचं म्या जास्त लिवत न्हाय.

तिसऱ्या दिशी आमी मोकळ्या रानात कापडाच्या तंबूत हुतो. शेजारच्या गावचे म्हातारे शंभुलिंग बी गेले, त्यांच्या घरातलं कुणी ऱ्हायलं न्हवतं. एक नातू तेवढा सापडला, तीन महिन्यांचा. मिलिट्रीच्या एका माणसानं तो आणून माझ्या मांडीवर ठिवला. कुणीतरी त्याला सांगितलं असंल, हिला दूध हाय. म्या नको म्हणले. तोंड फिरवलं. मग लेकरू रडलं आन् माझं लुगडं भिजलं. हे लेकरू कुणाचं, असं माझ्या अंगानं इचारलंच न्हाय.

एक महिना आन् वर दहा दिस म्या त्याला पाजलं. त्या तंबूचं कापड निळं हुतं. दुपारी ऊन पडलं की आतमधी समदं निळं निळं व्हायचं, माझे हात निळे, त्याचं कपाळ निळं. तळ्याच्या तळाशी बसल्यावानी वाटायचं. बाहेर लोक रडत असायचे, गाड्या यायच्या, भाषणं व्हायची. आत मला काय ऐकू यायचं न्हाय, आन् तवा तर माझे कान चांगले हुते. तो दूध पिता पिता माझ्याकडं बघायचा आन् मधीच प्यायचं इसरायचा.

त्याचं बारसं झालं हुतं, पर नाव सांगायला कुणी न्हवतं. म्या त्याला राजा म्हणायची.

मग आळंदहून त्याचा मामा आला, ईरण्णा. माणूस चांगला. बहिणीच्या आठवणीनं तो लेकराच्या तोंडावरनं हात फिरवत ऱ्हायला. त्यानं लेकराला कानडीत कायतरी म्हणलं आन् लेकरू हसलं. म्या दिलं. द्यायलाच पायजे हुतं. गाडी गेल्यावर अप्पा माझा हात धरून बसले, सोडलाच न्हाय, म्या मागं पळंन म्हणून. आन् मग मला आठवलं, मामाला त्याचं नाव इचारायचं राहून गेलं. तो आता एकतीस वर्सांचा बापय असंल. त्याचं नाव मला अजून ठावं न्हाय.

म्हणून एक ऐक. तुझ्या लेकीला तिथं ज्या नावानं हाक मारत्यात ते इचारून घे. कागदावर लिवून घे. तेवढं एकच तिचं सोताचं हाय.

आन् फोटू धाड.

म्या यीन. दिसभर तिला सांभाळीन. झोपायचं काय करायचं ते मला सुचंना. तुमच्या इमारतीखाली गाड्या लावत्यात तिथं झोपावं म्हणलं, तर त्याच्यावर बी छत हाय.

धुरपदा

—

भूम
१० मार्च

आई,

तुमचं पत्र यांनी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग खाली जाऊन बंद स्कूटरवर बसून राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "मी दर हिवाळ्यात तिला नवं ब्लँकेट नेऊन द्यायचो. म्हणायचो, आई, घे तुझ्या गारव्याला."

मी जे लिहिलं त्याबद्दल माफी मागायला बसले होते. तीन कागद फाडले. शेवटी वाटलं, माफी लिहिण्यापेक्षा सामान बांधावं.

आम्ही घर बदललं. माझ्या शाळेतले अमरसिंह सर आहेत, त्यांचं गावाच्या कडेला जुनं बैठं घर रिकामं पडलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढं अंगण. अंगण घराच्या दुप्पट आहे. मधोमध लिंब आहे. तिथं खाट टाकली की वर पानं आणि आभाळ, दुसरं काही नाही. दारापासून खाटेपर्यंत मी मोजलं, चौदा पावलं. जिना नाही. वर कुणाचं घर नाही.

पिवळी खोली सोडून येताना जीव हळहळला. पण इथंही दुपारी ऊन येतं, पश्चिमेच्याच खिडकीतून. नव्या भिंतीला पुन्हा तोच रंग दिला. यांनी स्वतः दिला, त्यामुळं फरशीही थोडी पिवळी झालीय. पवनचक्क्या इथून जवळ दिसतात. चैतालीताईंना नवं घर दाखवावं लागलं, नवे कागद करावे लागले. त्यांनी विचारलं, ऐन वेळी घर का बदललं? मी सांगितलं, आजीसाठी. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

फोटो सोबत आहे. कपाळ मोठं, केस कमी. फोटो काढणाऱ्याकडं ती अशी बघतेय, जसे अप्पा बाजारात बैल घेण्याआधी बघतात. फोटो आल्यापासून मला ते पाठ दाखवणारं स्वप्न पडलेलं नाही.

नाव विचारून घेतलं. वैष्णवी. तिथल्या मावशींनी ठेवलंय. आम्ही दुसरं नाव ठरवलं होतं, पण आता तेच ठेवतोय. तुम्ही सांगितलंत तसं कागदावर लिहून देवघरात ठेवलं.

२२ तारखेला तिला घरी आणायचं आहे.

तुमची,
हर्षाली

आई, २० तारखेला मी न्यायला येतो. तुझी खाट टेम्पोत घालून आणू का इथं नवी विणून घेऊ ते सांग. वाकळ आण. दुकानातली दुपटी हर्षालीनं घेतलीच नव्हती, तिनं रागानं लिहिलं होतं. आणि सोनाबद्दल मला सांग. सगळं सांग. मी ऐकेन. — उत्कर्ष

—

भूम
८ एप्रिल

उत्कर्षच्या अप्पांस,

जिंदगीत पहिल्यांदा तुमाला पत्र लिवतीया. आजवर कधी तशी येळच आली न्हाय, आपण कधी लांब गेलोच न्हाय. सावकाश वाचा. चष्मा कोनाड्यात ठिवलाय.

लेकरू घरी आलं त्याला सतरा दिस झाले. उंबऱ्यावर म्या भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाय धुतले. इवलेसे पाय, कधी मातीला लागले न्हवते. हर्षालीच्या कडंवर बसून ती समद्या घराकडं बघत हुती. हसली न्हाय, रडली न्हाय. पाडव्याला गुढी उभारली तवा बी तशीच बघत हुती. गुढीची साडी वाऱ्यावर हलायची तेवढी तिला आवडली.

शेजारच्या बाया म्हणायच्या, लेकरू गुणाचं हाय, रडत म्हणून न्हाय. हर्षालीला मात्र ते पटंना. एकदा माझ्या कानाशी यून मोठ्यानं म्हणली, "आई, भूक लागली तरी रडत नाही. जागी असते आणि वर बघत पडलेली असते." त्या चैतालीताई आल्या हुत्या. त्या म्हणल्या, तिथं लेकरं लई आन् बाया थोड्या. रडलं म्हणून कुणी लगी येतं असं न्हाय, हे ती शिकली. आता उलटं शिकंल. वखत लागंल.

तवापसनं आमी तिला खाली ठिवलंच न्हाय. हर्षालीनं रजा काढलीया. सकाळी ती घेती, दुपारी मी. लिंबाखाली खाटंवर म्या तिला मांडीवर घिऊन बसते. पानांची सावली तिच्या अंगावर हलती, ती धरायला बघती. सापडत न्हाय तर माझ्याकडं बघती, म्या काढून दीन म्हणून. म्या तिला सोनाचं सांगते, त्या राजाचं बी सांगते. उत्कर्षला बी समदं सांगितलं. तो माझ्या पायाशी बसून ऐकत हुता, ल्हानपणी बसायचा तसा. झोपायला म्या माझी बाहेरच. तिला हर्षालीकडं दिली की चौदा पावलं चालून खाटंवर.

परवा दिवेलागणीला तसंच झालं. म्या तिला दिली आन् निघाले. पाच-सहा पावलं गेले असंन. मला काय ऐकू येतंय. पर उत्कर्ष समोर झाडाला पानी घालत हुता, त्याच्या हातातली नळी तशीच ऱ्हायली आन् तो माझ्या मागं बघाय लागला. म्या वळले. दारात हर्षाली, आन् तिच्या खांद्यावरनं लेकरू माझ्याकडं दोन्ही हात करून रडत हुतं. तोंड लाल, डोळ्यांतनं पानी. हर्षाली बी रडत हुती आन् हसत बी हुती. तिच्या ओठांवरनं मला कळलं. "आई, रडली. आई, बघा, रडली."

म्या इचार केला न्हाय. गेले आन् घेतलं. आत जाऊन भिंतीला टेकून बसले. लई येळ हुंदके देत हुती, मग निजली. माझ्या पदराचा काठ मुठीत धरलेला. हर्षाली म्हणली, सोडवू का. म्या म्हणले, असू दे. मग तशीच तिच्या शेजारी आडवी झाले. वर छत हुतं. म्या बघितलं त्याच्याकडं. पांढरा रंग, कोपऱ्यात एक ओल आल्याचा डाग, आपल्या खालच्या रानाच्या आकाराचा. छातीत धडधडलं, न्हाय असं न्हाय. पर ती मूठ सुटंना. बघता बघता माझा डोळा लागला. उठले तवा उजाडलं हुतं. उत्कर्ष दारात बसल्या बसल्या झोपला हुता. दार त्यानं रातभर उघडं ठिवलं हुतं.

काल म्या परत बाहेर झोपले, खोटं कशाला सांगू. आज बघीन.

तुमी या. म्हशी चार दिस शेजारच्या रामहरीकडं सोपवा, त्याच्या बायकोला म्या आधीच बोलून ठिवलंय. येताना डिंकाचा डबा आणा. लाडू हर्षालीनं खायचेत, बाळंतीण तीच हाय. तुमाला झोपायला जागा आत बी हाय, बाहेर बी हाय.

लेकरू आता दिसातनं चार-पाच बारी रडतंय. रडलं की घरातलं जे असंल ते हातातलं टाकून पळतंय. काल म्या तव्यावरची भाकर तशीच सोडून पळाले, ती जळाली, कुणी काय म्हणलं न्हाय. तुमी आलात तर तुमी बी पळाल.

धुरपदा